खाली सुनंदा, वर मी

तुम्ही काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगतो, पाणी अडवत होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले दिसतायत. लगेच खुर्ची पुढे सरकते. मग मी खुलासा करतो. बोटीच्या डेकवर दोर बांधायचे खुंटे, कड्या, रेलिंगचे पाय, खिडक्या, कडेच्या शोभेच्या पट्ट्या बसवतात, त्यांच्या खालून पाणी आत शिरू नये म्हणून तिथे चिकट मसाला भरायचा, एवढंच माझं काम. खुर्ची आता मागे घेता येत नाही, पण माणूस जरा हिरमुसतो आणि विचारतो, “म्हणजे बाथरूमला लावतात तसं?” या एका प्रश्नावर मी जेवढा राग गिळला आहे तेवढा लग्नानंतरही गिळला नसेल.

आमचं घर बेलापूरच्या कोळीवाड्यात. एका बाजूला सरकारी कचेऱ्यांच्या काचा चमकतात, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल चमकतो. माझे बाबा लाकडी होड्यांच्या फटी बुजवायचे. दोन फळ्यांच्या मधे कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेलाचा लगदा दाबायचा. पुढे फायबरच्या बोटी आल्या. साच्यातून निघालेली अखंड बोट, फळी नाही आणि फटही नाही. गावातले लोक बाबांकडे कीव केल्यासारखे बघायला लागले. बाबा मात्र बिडी ओढत म्हणाले, “हिच्यात पयलं भोक पाडतील ना, त्या दिवशी येतील बोलवाला.”

आणि तसंच झालं. अखंड बोट घेऊन माणूस करणार काय? दोर बांधायला खुंटा पाहिजे, धरायला रेलिंग पाहिजे, हवा यायला झाकण पाहिजे. प्रत्येक वस्तूला चार बोल्ट, प्रत्येक बोल्टला एक भोक. ज्या डेकचं पाणी अडवण्यासाठी एवढा खर्च केला त्याची मालक लोक स्वतःच्या हाताने चाळणी करतात, आणि मग आम्हाला बोलावतात. बाबांनी लाकडावर पोट भरलं, मी भोकांवर.

आता या मसाल्याविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. नळीतून बंदुकीने काढायचे मसाले बरेच आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. बाथरूमवालं सिलिकॉन दिसायला गोड, लावायला सोपं. पण एकदा लावलं की त्याचा तेलकटपणा फायबरला असा धरून बसतो, की पुढे तिथे दुसरं काहीच चिकटत नाही. पीयू नावाचा मसाला त्याच्या उलट. तो डिंकाचा बाप. त्याने बसवलेला खुंटा पुन्हा काढायचा तर खुंट्याबरोबर डेकचा टवकाही हातात येतो. काही मसाले सागाच्या पट्ट्यांना अमृत असतात, पण खिडकीच्या प्लास्टिकला लागले तर त्याला बारीक तडे पाडतात. आणि एक असते ब्यूटाइलची टेप. करड्या रंगाची, चघळून टाकलेल्या च्युइंग गमसारखी. ही कधी वाळत नाही, कडक होत नाही. बोल्टच्या मानेला तिचं वेटोळं घालायचं, खुंट्याच्या बुडाला तिची चकती लावायची आणि हळूहळू आवळत जायचं. थोडं आवळायचं, चहा प्यायचा, पुन्हा थोडं आवळायचं. घाईने आवळलं तर सगळी टेप बाहेर येते आणि आत उरतं नुसतं समाधान.

माझी गिऱ्हाइकं निम्मी कोळीवाड्यातली आणि निम्मी टॉवरमधली. पामबीच रोडवरच्या एका गृहस्थांनी नवीकोरी स्पीडबोट घेतली होती. पहिल्याच थेंबाला घाबरून ते तुर्भ्याच्या दुकानातून सिलिकॉनच्या नळ्या घेऊन आले आणि प्रत्येक खुंट्याभोवती, प्रत्येक पट्टीच्या कडेने त्यांनी केकवर क्रीम काढतात तशी नक्षी काढली. वस्तू न काढता बाहेरून चोपडलेला मसाला म्हणजे चिंधी बांधलेला नळ. पाणी जायचं तिथून जातच होतं, फक्त त्याला आता बाहेर यायला वाट नव्हती. ती नक्षी खरवडता खरवडता माझी नखं संपली. शेवटी त्यांनी मला बजावलं, या वेळी जरा स्ट्राँगवाला लावा. मी त्यांना दुकानाचा पत्ता विचारला, तेव्हा त्यांना वाटलं मी तिथूनच माल आणणार आहे. मला फक्त त्या दुकानासमोरून जायचं टाळायचं होतं.

सगळेच तसे नव्हते. एक बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या छोटी शिडाची बोट चालवायच्या. त्यांनी मला विचारलं होतं, हे पुन्हा उघडायची वेळ आली तर उघडेल का? मला इतका आनंद झाला की मी त्यांना घरचे सुके बोंबील नेऊन दिले. त्या शाकाहारी निघाल्या, तो भाग वेगळा. पण प्रश्न लाखातला होता. जे आज बसवतो ते कधी ना कधी कुणीतरी काढणार, आणि तो काढणारा माणूस आपल्याला शिव्या देईल की आशीर्वाद, हे मसाला निवडतानाच ठरतं.

दुसरी गोष्ट, हे एकट्याचं काम नाही. वरून बोल्टचं डोकं स्क्रूड्रायव्हरने घट्ट धरून ठेवायचं आणि नट खालून फिरवायचा. बोल्ट फिरला की त्याच्या मानेभोवतीचं मसाल्याचं वेटोळं फाटतं आणि सगळं मुसळ केरात. म्हणून एक माणूस वर, एक डेकच्या खाली. खालची जागा म्हणजे देवळीसारखी अरुंद. उताणं पडून, तोंडाशी बोल्ट येतील असं सरकत जायचं. माझी पहिली मदतनीस माणसं सगळी त्या भोकात अडकून तरी पडली नाहीतर पळून तरी गेली. शेवटी एकदा कुणीच मिळेना तेव्हा सुनंदा म्हणाली, मी येते.

सुनंदाचं माहेर जासईचं. तिच्या वडिलांची भातशेती होती, तिथे आता कंटेनरचे ढीग उभे आहेत. लग्न होऊन येईपर्यंत ती कधी होडीत बसली नव्हती आणि खाडीचा वास आला की नाकाला पदर लावायची. पण अंगाने बारीक आणि स्वभावाने हट्टी. ती त्या भोकात अशी शिरली की जणू घरचीच माळ्यावरची जागा. डेकमधून आवाज नीट जात नाही, म्हणून आमच्या खुणा ठरल्या. मी वरून एक टकटक केली की थांब, दोन केल्या की फिरव. तिने खालून एक केली की तिचा पाना निसटलाय, दोन केल्या की मी वेंधळ्यासारखा भलताच बोल्ट धरून बसलोय. दोनवाली खूण जास्त वाजायची.

आता हिराजी नाखव्याची गोष्ट.

हिराजी माझ्या वयाचा, आमच्याच पाड्यातला. खाडीतली मासळी कमी होत गेली तशी त्याची जाळी कोरडी यायला लागली. शेवटी त्याने ठरवलं, मासे नाहीत तर माणसं नेऊ. थंडीत खाडीत फ्लेमिंगो उतरतात, ते बघायला शहरातली माणसं दुर्बिणी लावून येतात. आपली फायबरची बोट सजवायची, बाकं घालायची, भोवती रेलिंग लावायचं आणि फेऱ्या मारायच्या. जाळी त्याने भावकीत वाटून टाकली. म्हणजे परतीची वाट त्याने स्वतःच बंद केली. त्याचा मुलगा, सून, सगळ्यांचं पुढचं पोट आता त्या बोटीवर. फक्त सरकारी तपासणीत बोट पास व्हायला हवी होती आणि ती तपासणी होती गणपतीनंतर.

नारळी पौर्णिमेच्या आधी मी आणि सुनंदाने त्या बोटीचं काम घेतलं. हिराजीचा हट्ट होता पीयूचा, जन्मात निघता कामा नये असा मसाला लाव म्हणाला. मी ब्यूटाइलवर अडून बसलो. आमची चांगली जुंपली. शेवटी मी म्हटलं, गळली तर गावासमोर माझे कान धर. ही भाषा मी करायला नको होती, पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

हिराजीची आई तेव्हा ऐंशीच्या पलीकडची. सगळा पाडा तिला बय म्हणतो. हातात भाकरीएवढ्या पाटल्या, कमरेत वाकलेली, आवाज मात्र बाजारात मासळी विकून विकून तयार झालेला. बोटीला ती बोट म्हणायचीच नाही, पोरगी म्हणायची. मी ड्रिल चालवायला लागलो की ती काठावर बसून तोंड फिरवून घ्यायची. मला वाटायचं, आवाजाचा त्रास होतोय.

नाकाडावरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा मोठा खुंटा शेवटी राहिला होता. सगळ्यांत जास्त ओढ तिथे बसते. मी भोकं पाडली, त्यांच्या कडा तासल्या, स्पिरिटने पुसून लख्ख केलं आणि आम्ही दोघं जेवायला घरी गेलो. आलो ते थेट खुंटा बसवायला घेतला. ती जोडणी नेहमीसारखी झाली. सुनंदा खालून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला पिवळं लागलेलं होतं. फायबर कापलं की पिवळट भुसा पडतोच. हिराजीची सून हसून म्हणाली, काकी, नवरीवानी दिसताव. सुनंदा लाजली, सगळे हसले, आणि मीही त्यात हसलो.

नारळी पौर्णिमेला बोट झेंडूच्या माळांनी सजून पाण्यात उतरली. गणपती बसले, सरी कोसळत होत्या, आणि हिराजी सकाळीच आमच्या दारात. केबिनमधे विजेच्या बटणांचा फळा आहे ना, त्याच्या डोक्यावर थेंब थेंब पाणी पडत होतं. विजेच्या फळ्यावर पाणी म्हणजे तपासणीचा साहेब आत पाऊलही टाकणार नाही.

गळती शोधणं हे सोसायटीच्या मीटिंगसारखं असतं. पाणी पहिल्या मजल्यावर टपकतं, शिव्या दुसऱ्याला बसतात आणि फुटलेला असतो चौथ्याचा पाइप. बोटीतही डेक आणि आतलं छत यांच्यामधे पोकळी असते. पाणी एकीकडून शिरतं, पोकळीतून फिरतं आणि भलतीकडे डोकावतं. मी फळ्याच्या वरची जागा धुंडाळली. हवेचं झाकण काढून पुन्हा बसवलं, रेलिंगचे पाय तपासले, कडेच्या पट्ट्या उचकटल्या. सगळं ठणठणीत. थेंब मात्र चालूच. हिराजी माझ्याशी बोलायचा बंद झाला. कान धरले नाहीत, पण जेट्टीवर मी दिसलो की त्याचं सुपारी कातरणं थांबायचं. त्यापेक्षा त्याने कान धरलेले परवडले असते.

मग मी थेंबांखाली पांढरा रुमाल पसरून ठेवला. दुसऱ्या दिवशी उचलला तर त्यावर पिवळट तपकिरी डाग. मी तो दोन बोटांनी चोळून चोळून बघितला. त्याचं कारण सांगतो. अशा बोटींच्या डेकमधे फायबरच्या दोन थरांच्या मधे ताकदीसाठी प्लायवूड घातलेलं असतं. ते आतून कुजायला लागलं की असंच चहाच्या रंगाचं पाणी गळतं. प्लाय कुजलं असेल तर वरचं डेक कापून काढायला लागतं. मसाल्याने ते काम होत नाही, टेपने होत नाही, माझ्या हातातच राहत नाही. तपासणी चुकणार, थंडी वाया जाणार, आणि ज्याने जाळी वाटून टाकलीत त्या माणसाला हे तोंड उघडून मी सांगायचं. मी रुमाल खिशात कोंबला आणि हिराजीला न दाखवताच घरी आलो. त्या दिवशी मला बाबांची फार आठवण आली. लाकूड कुजलं की दिसतं तरी.

सुनंदा मोरीत कपडे धूत होती. मी खिसे न तपासताच शर्ट टाकला होता. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. रुमाल तिच्या हातात होता, साबणाचा फेस होता, आणि तो डाग लालभडक झाला होता.

“अवो, हा गंज नाय, लाकडाचं पानी बी नाय,” ती म्हणाली. “हलद हाय.”

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक कपडे धुणाऱ्या बाईला माहीत आहे. मी आयुष्यभर हळदीचे शर्ट मोरीत टाकले, पण ते धुतले कधीच नाहीत, त्यामुळे मला माहीत नव्हतं. डेकच्या पोकळीत हळद कुठून येणार, असं मी विचारणार तेवढ्यात सुनंदाने ओल्या हाताने स्वतःच्या कपाळाला हात लावला. आणि माझ्याही डोक्यात उजेड पडला. तो भुसा नव्हता.

आम्ही दोघं तसेच हिराजीच्या घरी गेलो. बय ओटीवर बसून सुकवलेले सोडे निवडत होती. हिराजी आतून बाहेर आला आणि मला बघून दारातच उभा राहिला. मी शब्द जुळवत होतो. म्हातारीला दुखवायचं कसं आणि नाही सांगायचं तर बोट वाचणार कशी, या दोन्हींमधे माझी जीभ अडकली. सुनंदाने मात्र सरळ तिच्याजवळ बसून विचारलं, बय, तुमी नाकाडावरच्या भोकांना हळद लावली व्हती का?

“मंग?” बय म्हणाली. “पोरीच्या अंगाला एवढी भोका पाडली या मेल्यानं. लागलं का हलद नको भराला?”

सगळं त्या एका वाक्यात आलं. आम्ही जेवायला गेलो तेव्हा ती काठी टेकत बोटीवर चढली होती आणि तेलात कालवलेली हळद तिने बोटाने एकेका भोकात आतून भरली होती, पोराचा गुडघा फुटल्यावर भरतात तशी. कापलेलं फायबर आतून पिवळटच असतं, म्हणून मला ती दिसली नाही. आणि तेल लागलेल्या जागी जगातला कुठलाही मसाला चिकटत नाही. माझी टेप वरून घट्ट दिसत होती, आतून मात्र बोल्टच्या कडेने पाण्याला मोकळा रस्ता होता. नाकाडावर शिरून ते पोकळीतून मागे वाहत फळ्यावर टपकत होतं. मी शोधत होतो त्या जागेपासून कितीतरी पुढे.

सुनंदाने तिला हे समजावून सांगितलं. बयचे हात सोड्यांमधे थांबले.

“म्हंजे माज्यान गलली?”

मी पटकन नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण सुनंदा आधी बोलली. “हो बय, तुमच्यान गलली. पन तुमच्यानंच सापडली.”

या बोलण्यातला तर्क मला अजूनही नीट पटलेला नाही. हळद लावलीच नसती तर बोट गळलीच नसती. पण तेवढं खरं की डाग हळदीचा होता म्हणजे प्लाय शाबूत होतं, डेक कापायला नको होतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला तो तिथे. हिराजी आईवर ओरडायला म्हणून पुढे आला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. बयने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती मला म्हणाली, “दत्तू, भोक कोरडं ठेवाचं व्हतं तर सांगाचा ना. चल, दाखव कसा साफ करतात.”

तपासणीला फार वेळ उरलेला नव्हता. इथे माझ्या ब्यूटाइलने माझी लाज राखली. हिराजीच्या आवडीचा पीयू लावला असता तर तो खुंटा काढायला छिन्नी लागली असती आणि नवा मसाला वाळायची वाट बघत बसावं लागलं असतं. टेपने बसवलेला खुंटा मात्र नट सोडले तसा कुरकुरत निघाला. सुनंदा खाली होती. मी वर. बय माझ्या बाजूला फतकल मारून बसली होती. तिने स्पिरिटचं फडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि एकेक भोक आतून पुसायला लागली. करंगळीला फडकं गुंडाळून, फिरवून, पुन्हा नवी घडी घेऊन. फडकं पांढरं निघेपर्यंत तिने एकही भोक सोडलं नाही. मासळी साफ करण्यात जन्म गेलेली ती बाई. एवढी स्वच्छ भोकं मी माझ्या सगळ्या कारकिर्दीत पाहिली नाहीत. मधेच ती भोकाला तोंड लावून ओरडली, “सुनंदे, हाय का गो?” खालून दोन टकटक आल्या. बयला खुणा ठाऊक नव्हत्या, आणि मीही अर्थ सांगितला नाही.

नवी टेप, नवी वेटोळी. थोडं आवळलं, हिराजीच्या सुनेने चहा आणला, पुन्हा थोडं आवळलं. मग हिराजीने खाडीचं पाणी बादलीने उपसून खुंट्यावर ओतायला सुरुवात केली. सुनंदा खालीच होती, बोल्टांच्या टोकांशी पांढरं फडकं धरून. बादल्यांवर बादल्या झाल्या. मी वरून विचारलं, काय गं? उत्तर नाही. टकटक केलं. उत्तर नाही. कोरडं आहे यासाठी आमच्यात खूणच ठरलेली नव्हती, कारण आजवर तशी गरज कधी पडली नव्हती. हिराजीने बादली खाली ठेवली. बयने माझा दंड धरला होता आणि त्या म्हातारीच्या बोटांत अजून किती जोर आहे ते मला कळत होतं. हिराजी मला म्हणाला, कितीतरी दिवसांनी, “दत्तू, गलतंय का रं?” मला सांगता येईना. त्याची बोट, त्याची पोरं, माझी तोंडाळ पैज, सगळं त्या भोकांखाली उताणं पडलेल्या माझ्या बायकोच्या हातात होतं आणि बायको बोलत नव्हती.

शेवटी ती झाकणातून वर आली. केस विस्कटलेले, तोंड घामाने ओलं. तिने फडकं माझ्या हातात दिलं नाही, हिराजीच्याही नाही. बयच्या हातात दिलं. बयने ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि मग त्याच फडक्याने सुनंदाचं तोंड पुसलं.

“कोरडा हाय,” ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, अगदी पोरीसारख्या आवाजात, “आता लावू का हलद?”

मी म्हटलं, लाव बय, आता पाहिजे तेवढी लाव. तिने पदराच्या गाठीतून चिमूट काढली आणि खुंट्याच्या माथ्यावर बोट टेकवलं.

तपासणीचे साहेब आले, फळ्यावर हात फिरवून कोरडा आहे बघितलं, खुंट्यावरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघून हे काय म्हणाले. हिराजीने सांगितलं, मार्किंग आहे साहेब. बोट पास झाली. ती थंडीत फ्लेमिंगो दाखवायला जायला लागली आणि अजूनही जाते. बय पुढे दोन मोसम काठावर बसून उतारूंना दम देत होती, नीट धरून बसा, पोरीला ओरखडे काढू नका. मग गेली. हिराजी दर नारळी पौर्णिमेला तो ठिपका नव्याने लावतो. खुंटा बसल्यावर, आधी नाही.

तेव्हापासून माझ्या हत्यारांच्या पेटीत हळदीचा डबा आला. गळती सापडेना की डेकवर एकेका जागी हळदीचं पाणी ओतायचं, खाली पांढरं फडकं धरायचं आणि साबण लावून बघायचं. डोळ्यांना न दिसणारा माग लाल होऊन समोर येतो. पामबीच रोडवरचे गृहस्थ विचारतात, हे कुठलं केमिकल? मी सांगतो, लोकल मेड आहे.

आता सुनंदाचा खांदा दुखतो, हात डोक्याच्या वर जात नाही. धंदा बंद करायचा विचार होता, पण जुनी गिऱ्हाइकं सोडत नाहीत. म्हणून आम्ही जागा बदलल्या. ती वर बसून स्क्रूड्रायव्हर धरते आणि मी पोट आत ओढून त्या देवळीत शिरतो. इतकी वर्षं ती कुठे पडून होती ते मला आत्ता कळतंय. डोळ्यांत भुसा पडतो, मान अवघडते, कोपर खरचटतं, आणि वरचा माणूस सारखा भलताच बोल्ट धरतो. खालून दोनवाली खूण वाजवायला मला फार बरं वाटतं.

परवा त्या बँकेतल्या बाईंच्या बोटीचा खुंटा उघडून पुन्हा बसवला. उघडला, विनातक्रार. काम झाल्यावर सुनंदाने वर हळदीचं बोट टेकवलं आणि बादली ओतायला सुरुवात केली. मी खाली उताणा, बोल्टांची टोकं माझ्या कपाळावर रोखलेली. पाणी डोक्यावरून धबाधबा वाहताना ऐकू येत होतं आणि टोकं एकेक करून कोरडीच राहत होती. पिवळा थेंब नाही, कसलाच थेंब नाही. मी हललो नाही. बोलावंसंच वाटेना. त्या दिवशी हिराजीच्या बोटीखाली ती गप्प का राहिली होती, हे मी तिला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

वरून टकटक झाली. पुन्हा टकटक झाली. मग झाकणातून तिचं डोकं उलटं दिसलं. “अवो, गलतंय का झोप लागली?”

मी कपाळावर हात फिरवून तिला कोरडा तळवा दाखवला.